चारशे गुणांचा देव

गेला महिना-दीड महिना इकडे काही लिहिणं झालं नाही. एक-दोघांनी फोन करून तब्येतीची चौकशीही केली. तब्येत उत्तम आहे. मे महिन्याच्या सुट्टीत नातू आला होता आणि त्याने मला कामाला लावलं होतं. काम काय, तर एक धर्म तयार करून द्यायचा!

हसू नका. सांगतो सगळं.

आमचे हे चिरंजीवांचे चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. (नाव लिहायचं नाही अशी ताकीद आहे. घरच्या मंडळींना कळलंच असेल.) ते चार मित्रांना घेऊन आले आणि आमच्या माडीवर पाच दिवस मुक्काम ठोकला. दिवसा झोप, रात्री खेळ. मला आधी पत्त्यांचा अड्डा वाटला. वर जाऊन पाहतो तर मधोमध एक नकाशा, त्यावर शेंगदाणे आणि बटणं मांडलेली, हातात चार, सहा, आठ, बारा, वीस अशा बाजूंचे फासे. वीस बाजूंचा फासा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. शकुनीमामाला मिळाला असता तर!

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. एकजण कथा सांगतो, बाकीचे त्यातली एकेक पात्रं होतात. कीर्तनकार आणि श्रोतेच म्हणा ना, फक्त इथे श्रोते मध्येच उठून म्हणतात, ‘मी त्या गुहेत जाणार नाही, मी डावीकडे वळतो.’ मग बुवांना आख्यान डावीकडे वळवावं लागतं. जमलं की नाही ते फासा ठरवतो. शेवटी जिंकतं कोणीच नाही. मला हे फार आवडलं.

बुवा म्हणजे आमचा नातू. त्याने जग स्वतःच रचलेलं. पर्वत, नद्या, चार राज्यं, त्यांच्या वंशावळी, सगळं लॅपटॉपवर व्यवस्थित. त्यात एक देवीही होती. तिच्यापुढे आकडे लिहिलेले: घाव सोसण्याची शक्ती ४००, शस्त्रं अमुक, वीज पाडू शकते, भूकंप करू शकते, वगैरे. मी विचारलं, ‘हिला नैवेद्य काय लागतो रे?’

तो बघतच राहिला. म्हणाला, ‘आजोबा, ते नाही ठरवलं.’

‘उपास कुठल्या वारी? देवळात कोण जायचं, कोणी नाही? पुजाऱ्याचं पोट कशावर चालतं?’

‘आजोबा, मग तुम्हीच करून द्या ना एक धर्म. तुम्ही इतिहास शिकवत होतात की चौतीस वर्षं!’

अशी ही गळ्यात पडलेली धोंड. मास्तराचा स्वभाव असा की काही करण्याआधी पूर्वसूरींनी काय केलं ते पाहावं. म्हटलं, तुमच्या या खेळात आधी कोणी धर्म रचलेत का? तर तो म्हणाला, ‘पन्नास वर्षं तेच तर चाललंय.’ आणि त्याने टॅबवर जुन्या पुस्तकांचा ढीगच उतरवून दिला. मराठी माध्यमातून बी. ए. झालेला माणूस मी. एका हाताशी शब्दकोश, दुसऱ्या हाताशी चहा, असे तीन आठवडे गेले. त्यात जे सापडलं ते सांगावं म्हणून हा प्रपंच.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावी छापला गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघे त्याचे कर्ते. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची, एका खोक्यात तीन पुस्तिका. ही मंडळी मुळात युद्धाचे खेळ खेळणारी: टेबलावर शिशाचे सैनिक मांडायचे आणि जुन्या लढाया लढायच्या. गायगॅक्सने जेफ पेरेन याच्याबरोबर १९७१ साली मध्ययुगीन लढायांचे नियम छापले होते, ‘चेनमेल’ नावाने. त्याच्या शेवटी एक पुरवणी जोडली, राक्षस आणि जादूगार घेऊन लढायचं असेल त्यांच्यासाठी. त्या पुरवणीत जादूगाराचा अग्निगोल किती जागा भाजतो? तर मोठ्या दगडफेकी यंत्राचा धोंडा व्यापेल तितकी. आणि वीज? जड तोफेइतकी. म्हणजे या खेळातला मांत्रिक जन्माला आला तो तोफखान्यात! हे वाचल्यावर मला नातवाच्या देवीचे ते ४०० आकडे कुठून आले ते कळायला लागलं.

पण तोफेला दारूगोळा मोजून असतो. मग मंत्र मोजायचे कसे? गायगॅक्सने ती युक्ती जॅक व्हान्स या लेखकाच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० सालच्या पुस्तकातून घेतली आणि तसं मोकळेपणी सांगितलंही. व्हान्सचे जादूगार मंत्र पोथीतून डोक्यात भरतात. डोक्यात मावतात मोजकेच, आणि एकदा म्हटला की मंत्र पुसला जातो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा पाठ करा. (पुढे या खेळात वेक्ना नावाचा एक भयंकर मांत्रिक आला, ती व्हान्सच्याच नावाच्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट आहे. गुरुदक्षिणा म्हणायची!)

मला हे वाचून हसू आवरेना. चौतीस वर्षं मी याच जातीचे मांत्रिक तपासले. सनावळ्या रात्री पाठ, सकाळी पेपरात उतरवल्या, दुपारी पाटी कोरी. आपल्याकडची मंत्राची कल्पना अगदी उलटी आहे. जप जितका कराल तितका मंत्र मुरतो, सिद्ध होतो. लक्ष जप, कोटी जप. आपला मंत्र वापरल्याने वाढतो, व्हान्सचा वापरल्याने संपतो. खेळाला व्हान्सचाच सोयीचा, हे उघड आहे. नाहीतर म्हातारा मांत्रिक एकटाच सगळे राक्षस मारणार आणि बाकीची पोरं शेंगदाणे खात बसणार.

धर्माचं काय? १९७४च्या त्या खोक्यात एक ‘क्लेरिक’ म्हणजे धर्मोपदेशक होता. त्याचीही जन्मकथा मजेची. आर्नेसनच्या घरच्या खेळात एक गडी रक्तपिपासू पिशाच होऊन इतका माजला की त्याला आवरायला पिशाच्चांना पळवून लावणारा पाद्री निर्माण करावा लागला. म्हणजे गरज पडली म्हणून पुजारी आला, देव नंतर. मूळ नियमांत या उपदेशकाचा देव कोणता, हे लिहिलेलंच नाही. पहिल्या पायरीवर त्याला एकही मंत्र येत नाही. बाजू तीन: सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक. बस्स, एवढाच धर्म.

देव आले १९७६ साली. ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ या पुस्तिकेत रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड या दोघांनी जगभरचे देव गोळा केले: ग्रीकांचे, इजिप्तचे, नॉर्वेकडचे, मेक्सिकोचे, चीनचे आणि हो, आपलेही. १९८० साली त्याचंच मोठं पुस्तक झालं, ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’. त्यात झ्यूसला ४०० हिट पॉइंट. (हिट पॉइंट म्हणजे किती घाव सोसता येतील त्याचा आकडा.) इंद्र आहे, अग्नी आहे, काली आहे, सगळ्यांपुढे आकडे. आमची ही शेजारून वाचत होती. ‘अगंबाई, देवांचं प्रगतिपुस्तक!’ म्हणाली आणि निघून गेली.

मला राग यायला हवा होता का? सकाळी देवपूजा करणारा माणूस मी, पण खरं सांगायचं तर आला नाही. पुराणं उघडून पाहा. बळीने इंद्राचं राज्य घेतलं, रावणाच्या पोराने त्याला बांधून नेलं म्हणून तर तो इंद्रजित. देवाला घाव लागतो, देव हरतो, हे आपल्याला नवं नाही. आणि ते आकडे देण्यामागचा हेतूही आधी वेगळाच होता. १९७६च्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत संपादक टिम कास्क वैतागून लिहितो, की लोक आपली पात्रं नको तितकी बलाढ्य करून बसले आहेत. देवांचेच आकडे पाहिले तर लाज वाटून जमिनीवर येतील. कसली लाज! हातात आकडे आल्यावर पोरं देवांनाच मारायला निघाली असणार. वर्गात ‘जिन्यावरून घसरू नका’ अशी पाटी लावली तर काय होतं ते कोणत्याही मास्तराला विचारा.

मला खटकलं ते वेगळंच. पुस्तकात देव आहे, भक्त नाही. अगदी नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मागे एक तक्ता आहे, त्यात प्रत्येक देवाच्या पुजाऱ्याचा पोशाख, रंग, सणाचा दिवस, बळी काय आणि किती वेळा, असं भरलेलं आहे. तहसील कचेरीतल्या फॉर्मसारखं. पण त्या देवाला मानणारी बाई सकाळी उठून काय करते, पोर आजारी पडलं की काय बोलते, हे त्या तक्त्यातून कळत नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेतले भाविक लोक या पुस्तकांवर चिडले ते भलत्याच कारणाने. १९८२ साली व्हर्जिनियात एका मुलाने आत्महत्या केली. त्याच्या आईने खेळाला दोषी धरलं आणि पुढच्या वर्षी खेळाविरुद्ध संघटनाच काढली. हा खेळ सैतानाची दीक्षा देतो असा गवगवा झाला. १९८५ला पुस्तकाच्या नावातून देव गेले, ‘लेजंड्स अँड लोअर’ असं सोज्वळ नाव आलं. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतून राक्षस आणि सैतान यांची नावंही बदलली. त्या माउलीला मी नावं ठेवणार नाही. पोर गेलेल्या बाईला कुठेतरी बोट दाखवावंसं वाटतं. पण माडीवरची पोरं पाहून मला एवढंच वाटलं, की यातलं एक तरी पोर भुताला भीत असतं तर रात्री दोन वाजता मागच्या अंगणात बाथरूमला जायला त्याने सोबत मागितली असती.

असो. याच काळात दोन माणसांनी वेगळा उद्योग केला. त्यांच्याकडे आता वळतो.

पहिले प्रोफेसर एम. ए. आर. बार्कर, जन्म १९२९. भाषाशास्त्रज्ञ. १९५१ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आले, इथेच त्यांनी इस्लाम स्वीकारला, पुढे मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचे विषय शिकवले. लहानपणापासून ते मनात एक जग रचत होते, टेकुमेल नावाचं. १९७५ साली गायगॅक्सच्याच कंपनीने ते छापलं: ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’. बाकीचे लोक युरोपातले किल्ले आणि सरदार रंगवत असताना यांच्या जगात भारत, इजिप्त, माया-ॲझटेक यांची सावली. त्याची स्वतंत्र भाषा, तिचं व्याकरण, तिची लिपी. देव दहा, आणि प्रत्येकाचा एक अनुचर, म्हणजे वीस. पाच स्थैर्याचे, पाच परिवर्तनाचे. अवान्थे ही पिकांची आणि मातृत्वाची, थूमिस विद्येचा, व्हिमूहला आगीचा, सार्कू मृतदेहांचा आणि किड्यांचा. यातल्या कोणाला सरळ ‘वाईट’ म्हणून हाकललेलं नाही. एकाच शहरात सगळ्यांची देवळं, आणि त्यांच्यात उघड मारामारी होऊ नये म्हणून जुना करार. जत्रेत शेजारी-शेजारी पालं ठोकणाऱ्या आखाड्यांसारखं वाटलं मला. दोन दिवस मी त्यात रंगून गेलो. नातवाला म्हटलं, ‘हा तुझा गुरू. याच्यासारखं कर.’

तो जरा गप्प बसला आणि मग त्याने मला दुसरं काहीतरी वाचायला दिलं. बार्कर २०१२ साली वारले. मार्च २०२२मध्ये त्यांच्याच जगाचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने जाहीरपणे मान्य केलं, की १९९१ साली टोपणनावाने निघालेली एक नाझी प्रचाराची कादंबरी बार्कर यांनी लिहिली होती. शिवाय ज्यूंचा संहार झालाच नाही असं ठसवणाऱ्या एका नियतकालिकाच्या संपादक मंडळावर त्यांचं नाव होतं.

मी टॅब बंद करून ठेवला. वीस देवांना एका शहरात नांदवणारा माणूस, आपल्या देशात येऊन इथली भाषा शिकलेला माणूस, आणि आत हे. चौतीस वर्षं मुलांना दुसरं महायुद्ध शिकवलं मी. छावण्यांचा धडा आला की वर्ग आपोआप शांत व्हायचा. नातू म्हणाला, ‘मग त्याचं घ्यायचं की नाही, आजोबा?’ मला चटकन उत्तर देता आलं नाही. शेवटी आम्ही त्यातलं काही घेतलं नाही. बरोबर केलं की चूक, सांगता येत नाही. मला ते जेवण गोड लागेना, एवढंच.

दुसरा माणूस ग्रेग स्टॅफर्ड. जन्म १९४८. विस्कॉन्सिनमधल्याच बेलॉइट कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना, १९६६ साली, याने ग्लोरांथा नावाच्या जगाच्या कथा लिहायला सुरुवात केली. म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आठ वर्षं आधी. युद्धाचे नियम आधी आणि देव नंतर, असं त्याचं झालं नाही. त्याच्याकडे आधी पुराणं होती, खेळ मागून आला. १९७५ला त्याने केऑसियम नावाची कंपनी काढून या जगावरचा पहिला पटावरचा खेळ छापला, आणि १९७८ला ‘रुनक्वेस्ट’ आला. त्याचे नियम मुख्यतः स्टीव्ह पेरिन आणि त्याच्या मित्रांचे, जग स्टॅफर्डचं.

रुनक्वेस्टमध्ये पुजारी आणि मांत्रिक ही वेगळी जात नाही. शेतकरी, व्यापारी, सैनिक, सगळ्यांना थोडीफार जादू येते, आणि मोठी जादू येते ती देवाच्या पंथात शिरल्यावर. पंथात शिरायचं तर आधी साधा अनुयायी, मग परीक्षा देऊन दीक्षा. दीक्षा घेतली की वेळेचा आणि उत्पन्नाचा दशांश देवळाचा. आणि देवाकडून मंत्र हवा असेल तर? तुमच्या पात्राच्या अंगात ‘पॉवर’ नावाचा एक गुण असतो, आत्मबल म्हणा. तीन फासे टाकून मिळालेलं, म्हणजे फार तर अठरा. त्यातला एक अंश देवाला द्यायचा. उसना नव्हे, कायमचा. तुमचं आत्मबल तेवढं कमी झालं. दीक्षिताला तर तो मंत्र एकदाच वापरता येतो. गेला की गेला.

इथे मी थबकलो. व्हान्सच्या मांत्रिकाचाही मंत्र संपत होता, पण तो सकाळी पुन्हा भरता येत होता. याचं जे जातं ते परत येत नाही.

१९७९ साली ‘कल्ट्स ऑफ प्राक्स’ नावाचं पुस्तक निघालं. माझ्या मते या सगळ्या ढिगातलं हेच वाचण्यासारखं. बिटूरियन व्हारोश नावाचा एक फिरता व्यापारी आहे, व्यापाराच्या देवाचा उपासक. त्याच्या प्रवासाची रोजनिशी पुस्तकभर पसरली आहे. तो ज्या माणसांना भेटतो त्यांचा देव, त्यांचे नियम, मेल्यावर काय होतं, कोणाशी पटतं, कोणाशी वैर, समाजात स्थान काय, हे सगळं ओघाने येतं. देवाचे आकडे शोधूनही हाती लागत नाहीत. शलाना अरॉय ही शुश्रूषेची देवी. तिच्या उपासकाने कोणाला इजा करायची नाही अशी शपथ, स्वतःचा जीव धोक्यात असला तरी. हुमाक्त हा मृत्यूचा आणि तलवारीचा देव. त्याच्याकडून वर मिळतात, पण प्रत्येक वराबरोबर एक बंधन येतं: अमुक करायचं नाही, तमुक सोडायचं. आणि त्याच्या माणसाला मेल्यावर पुन्हा जिवंत करून घेता येत नाही. बाकी सगळे मित्र उठून चालायला लागतील, हा नाही.

देवकथाही अशीच. वादळाचा देव ओरलांथ रागाच्या भरात सूर्याला, येल्मला, ठार करतो. जग काळोखात बुडतं. मग तोच ओरलांथ आपली चूक निस्तरायला सोबती घेऊन पाताळात उतरतो आणि सूर्याला परत आणतो. पहिली पहाट होते आणि तिथून काळ मोजायला सुरुवात. खेळणाऱ्याला ही कथा नुसती ठाऊक असून भागत नाही. त्याला तीच वाट स्वतः चालून देवासारखं वागून दाखवावं लागतं, तेव्हा त्याला त्यातलं बळ मिळतं. मला कोकणातलं दशावतारी आठवलं. रात्री विष्णू झालेला गडी पहाटे विडी ओढताना दिसतो, पण मध्यरात्री म्हाताऱ्या बायका त्याच्याच पाया पडलेल्या असतात. स्टॅफर्डला दशावतार ठाऊक होता की नाही, कोण जाणे. तो स्वतः आदिवासींच्या पद्धतीच्या साधना करायचा, आणि २०१८च्या ऑक्टोबरात वारला तोही आपल्या घरच्या साधनेच्या झोपडीतच.

(जाता जाता एक. १९९१ साली डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनीच ‘डार्क सन’ नावाचं जग काढलं. तिथे देवच नाहीत आणि जादू केली की आजूबाजूची झाडंझुडपं जळून राख होतात. जादूगार वाढले, जमिनीचं वाळवंट झालं. आमच्याकडे उसासाठी किती बोअर मारल्या आणि आडांचं काय झालं, हे पाहिलेल्या माणसाला त्या जगात नवीन काही सांगावं लागत नाही.)

तर, त्या आत्मबलाच्या अंशापाशी थबकलो असताना मला आई आठवली.

१९५८च्या श्रावणात मला विषमज्वर झाला. मी आठ वर्षांचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या, ताप उतरला, मी वाचलो. गुण गोळ्यांचा, यात मला शंका नाही. पण दर उन्हाळ्यात आमच्याकडे मामांच्या घरून आंबे यायचे. आई माजघरात पाटीभर आंबे पिळून रस काढायची, सगळ्यांना वाढायची, पोरं कोयी चोखत बसायची, आणि ती मात्र हात धुऊन भाकरी आणि आमटी घ्यायची. मला वाटायचं तिला आंबा आवडत नाही. एकदा विचारलंही. ‘सोडलाय,’ एवढंच म्हणाली. काशीला जाऊन आलेल्या बायका एखादी भाजी सोडून येत, तसं काहीतरी असेल असं मी धरून चाललो. १९९१ साली ती गेली, तेव्हा दहाव्या दिवशी मावशीने सांगितलं, की तुझ्या तापात एकविसाव्या रात्री ती देवीला बोलली होती. आंबा तिचा सगळ्यात लाडका. तेहेतीस उन्हाळे. बोट सुद्धा चाटलं नाही तिने.

हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. नातवाला सांगितलं. तो काही बोलला नाही, पण दोन दिवसांनी त्याने मला देवीचं नवं पान दाखवलं. ४०० आकडा खोडलेला. वीज, भूकंप, सगळं गेलेलं. एकच ओळ होती: मागाल ते देईल, पण मागणाऱ्याने आपल्याला सगळ्यात आवडणारी एक साधी गोष्ट सांगायची, आणि ती पुन्हा कधी घ्यायची नाही. मोडलं तर दिलेलं परत जाईल.

शेवटच्या रात्री मी माडीवर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो होतो. खेळात एकाचं पात्र मेलं. त्याचा मित्र, जाडसर, चष्मेवाला, दिवसभर सगळ्यांची टिंगल करणारा, देवीच्या देवळात गेला. नातवाने पुजाऱ्याच्या आवाजात विचारलं, ‘काय सोडशील?’ त्याने आधी ‘तलवार’ म्हटलं. पुजारी म्हणाला, तलवार दुसरी मिळेल. ‘सोनं?’ तेही मिळेल. मग तो गडी बराच वेळ गप्प. खोटं पात्र, खोटं देऊळ, आणि खरोखर पाच मिनिटं कोणी शेंगदाण्याला हात लावला नाही. शेवटी म्हणाला, ‘हा रोज रात्री शेकोटीपाशी बासरी वाजवतो. ती सोडली.’ मागे पाच-सहा महिन्यांच्या खेळात त्याने प्रत्येक मुक्कामाला ती बासरी वाजवली होती म्हणे. फासा टाकावाच लागला नाही.

सकाळी पोरं निघायच्या गडबडीत असताना नातवाने विचारलं, ‘आजोबा, नियम पक्का लिहायला हवा. आंबा सोडला म्हणजे कैरी पण बंद? लोणचं? पन्हं?’

मला ठाऊक नव्हतं! तेहेतीस उन्हाळे त्या घरात जेवलो, आणि आई लोणचं घ्यायची की नाही हे मला सांगता येईना. ताईला फोन लावला. ती आता त्र्याऐंशीची, ऐकायला कमी येतं, दोनदा ओरडून विचारावं लागलं.

‘लोणचं खायची,’ ताई म्हणाली. ‘कैरी चालायची. पिकलेला नाही. पाडाचा आला की थांबायची. आणि अरे, हे तू आत्ता विचारतोयस होय?’

नातवाने लिहून घेतलं: कच्चं चालेल.